जप करत चालतात, पण प्रश्न विचारला की थांबतात

पत्र:

ताई, नमस्कार. मी ४३ वर्षांची, नोकरी करते, पंचवटीत राहते. घरी सासूबाई आहेत, वय ७४. तब्येत तशी बरी, बीपीची गोळी चालू आहे बस. पण गेल्या वर्षभरात एक नवीनच सुरू झालंय, चालताना त्यांना काही विचारलं की त्या जागेवर थांबतात. संध्याकाळी काळारामाला जातो तर दहा मिनिटांच्या रस्त्याला पंचवीस मिनिटं लागतात, मागून गाडीवाले हॉर्न मारतात आणि ह्या गल्लीच्या मधोमध उभ्या राहून मला उत्तर देतात. गंमत म्हणजे जप करत चालतात तेव्हा कुठ्ठे थांबत नाहीत, अगदी तुरुतुरु जातात. म्हणून माझा नवरा म्हणतो की आईला सगळं जमतं, हे नुसतं लक्ष वेधून घ्यायचं नाटक आहे. खोटं कशाला बोलू, मलाही कधीकधी तसंच वाटतं. त्यात तीन आठवड्यांपूर्वी मीच गंगापूर रोडला पडले. कानात इअरफोन, ऑफिसचा कॉल चालू, डोळे रस्त्यावरच होते, शप्पथ सांगते, तरी पाइपसाठी खणलेल्या चराच्या कडेवर पाय पडला आणि घोटा मुरगळला. लाल-पांढरी पट्टी बांधलेली होती म्हणे, मला दिसलीच नाही. आता आई येताजाता म्हणतात, "बघ, मी थांबते म्हणून पडत नाही." ह्यावर काय बोलू?
– घाईतली सून, पंचवटी

उत्तर:

अगं, तू माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान, म्हणून अहो-जाहो न करता सरळ अगं म्हणते, चालेल ना. तुझं पत्र वाचून आधी मी हसले, मग परत वाचलं आणि हसू गेलं, कारण त्यात एक ओळ आहे जी तू नाटकाचा पुरावा म्हणून दिलीयेस आणि माझ्यासारख्या फिजिओथेरपीत जन्म घालवलेल्या बाईला तीच ओळ सांगते की नाटक वगैरे काही नाहीये. जप करताना थांबत नाहीत, ही ती ओळ.

बघ, जप त्यांच्या तोंडात पन्नास-साठ वर्षं मुरलेला आहे. त्याला डोकं फारसं लागत नाही, आणि वर त्याला ताल आहे, पाऊल त्या तालावर पडत जातं. वारीत टाळ वाजवत पावली खेळणारी सत्तरीची माणसं बघितलीयेस ना, एरवी गुडघे धरून उठतात पण टाळ हातात आला की पाय आपोआप पडतात. आता तू त्यांना रस्त्यात काय विचारतेस ते आठव. मी पैज लावते, "आई, गॅसवाल्याचा ओटीपी आला होता का", "मावशींकडचा कार्यक्रम कितीला आहे", "दुधवाल्याचे किती दिवसांचे पैसे द्यायचे राहिलेत". ह्याचं उत्तर तोंडात तयार नसतं, डोक्यात आत जाऊन शोधावं लागतं, आणि त्या शोधायला आत गेल्या की बाहेर पाय थांबतात. एवढंच आहे ते.

आपल्याला वाटतं चालणं म्हणजे काय, फुकटचं काम, पाय चालतात आणि डोकं मोकळं. तरुणपणी ते बरंचसं खरंही असतं. पावलांची लय बरीचशी खालच्या खाली सांभाळली जाते, मज्जारज्जू, छोटा मेंदू, मेंदूच्या आत खोलवर असलेले पेशींचे पुंजके, सगळे आपापलं काम करत असतात आणि वरच्या साहेबाला, म्हणजे कपाळामागच्या मेंदूच्या पुढच्या भागाला, फार त्रास द्यावा लागत नाही. पण वय झालं की तळपायाला जमीन पूर्वीसारखी नीट कळत नाही, नजर कमी होते, कानाच्या आतला बॅलन्स मंदावतो, मांडीतली ताकद जाते, मग पाऊल कुठे टाकायचं हे खालच्यांना एकट्याने जमेनासं होतं आणि साहेबाला बोलवावं लागतं. साहेब एकच. सोसायटीत वरच्या मजल्याने नळ पूर्ण सोडला की आपल्याकडे धार कशी बारीक होते, तसंच. तू प्रश्न विचारून वरचा नळ सोडतेस, खाली चालण्याची धार बारीक होते, आणि तुझ्या सासूबाई शहाण्या आहेत म्हणून त्या धार बारीक झाली की चालणं बंद करतात. अशा वेळी न थांबता रेटत राहिलं तर पडायची भीती जास्त. हे मी ओपीडीत इतक्या वेळा ऐकलंय की काय सांगू, "मॅडम काहीच झालं नाही हो, मी चालत होतो, मुलाने हाक मारली, मागे वळलो आणि..."

तुझ्या नवऱ्याला पटणार नाही हे वाचून, म्हणून त्याच्यावर एक प्रयोग कर. रविवारी त्याला पार्किंगमध्ये ने, नेहमीच्या वेगाने ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला सांग, मोबाईलवर वेळ लाव. मग तेच अंतर परत, पण ह्या वेळी शंभरातून सात सात वजा करत मोठ्याने म्हणायचं, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, पुढे. दोनाचा पाढा देऊ नकोस हं, तो त्याच्या तोंडात बसलेला असणार, तो त्याचा जप झाला. सातच्या वजाबाकीला बघ, बहात्तर-पासष्टच्या आसपास एकतर त्याचा वेग कमी होईल नाहीतर आकडा चुकेल, काहीकाही जण तर चक्क थांबून वर बघतात. आणि तो पंचेचाळीस-पन्नासचा असेल, धडधाकट. मग त्याला म्हणावं, आता ह्यात तीस वर्षं मिळव, काळारामाच्या गल्लीतली उखडलेली फरशी मिळव, समोरून येणारी स्कूटर मिळव, आणि मग सांग आई नाटक करते का. (आकडा चुकला की तो म्हणेल मला गणित आधीपासूनच येत नाही. म्हणू दे.)

मी सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर जाते, तिथे रिटायर्ड मंडळींचे ग्रुप असतात. एक जोडी मी रोज बघते, दोघं पंच्याहत्तरीच्या पुढचे. हवापाण्याच्या गप्पा चालू असतात तोवर दोघं एका चालीत, मग राजकारण निघालं की त्यातले एक काका बोट वर करून जागेवर उभे, दुसरे चार पावलं पुढे जाऊन मागे बघतात, परत येतात, मग मुद्दा संपेपर्यंत दोघंही तिथेच. मागून पळत येणारी पोरं वैतागून वळसा घालून जातात. मला लांबूनच कळतं विषय किती गंभीर आहे ते.

ह्यावर डॉक्टर लोकांनी खरंच अभ्यास केलाय. स्वीडनमध्ये उमिओ नावाचं गाव आहे, तिथल्या संशोधकांनी वृद्धांच्या निवासातल्या ५८ जणांबरोबर नुसतं चालायचं आणि चालता चालता गप्पा काढायच्या, एवढंच केलं. कोण थांबतं ते लिहून ठेवलं. १२ जण थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले, थांबल्यामुळे नव्हे, थांबावं लागतं ही चालणं डळमळीत झाल्याची खूण म्हणून. १९९७ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं, जेमतेम पानभराचं असेल, पण आमच्या धंद्यात ते सगळ्यांना तोंडपाठ आहे कारण त्याला ना मशीन लागलं ना रक्त काढावं लागलं. त्याच लोकांनी पुढे हातात पाण्याचा ग्लास देऊन चालायला लावायचीही टेस्ट केली. आता लगेच घाबरू नकोस. ती माणसं ऐंशीच्या आसपासची, बऱ्यापैकी थकलेली होती, आणि नंतर ठणठणीत म्हाताऱ्या माणसांवर हाच प्रयोग केला तेव्हा आकडे इतके स्पष्ट आले नाहीत. पण तू लिहितेस की हे गेल्या वर्षभरातच सुरू झालंय, म्हणून मी ते "वय झालं" ह्या खात्यात टाकून मोकळी होणार नाही. थांबणं हा त्यांनी शोधलेला उपाय आहे, पण तो त्यांना का शोधावा लागला हे बघायलाच हवं.

तर त्यांना एकदा फॅमिली डॉक्टरकडे ने, आणि "आई चालताना थांबते" एवढंच सांगून येऊ नकोस, डॉक्टर हसून सोडून देतील. सांग की वर्षभरात सुरू झालंय, पडल्या असतील किंवा पडता पडता भिंत धरली असेल तर किती वेळा तेही सांग (त्यांना एकट्यात विचार, मुलासमोर सांगणार नाहीत, पडले म्हटलं की घराबाहेर जाणं बंद करतील ही भीती असते). आडवं झोपून आणि मग उभं राहून असं दोन्ही वेळा बीपी बघायला सांग, कारण बीपीच्या गोळीने उभं राहिल्यावर प्रेशर खाली जातं का ते कळायला पाहिजे. शुगर आणि बी-बारा बघून घे, शुगर वाढली किंवा बी-बारा कमी पडलं की पायाच्या नसा बधिर होतात आणि जमीन कळेनाशी होते, आणि शुद्ध शाकाहारी घर असेल तर बी-बारा कमी निघायची शक्यता बरीच. मोतीबिंदू, कानाला कमी ऐकू येणं, झोपेची गोळी, सगळं विचारात घ्यायचं. चष्मा दोन काचांचा असेल तर पायरी उतरताना खालच्या वाचायच्या काचेतून पायरी धूसर दिसते, हे खूप जणांना माहीतच नसतं.

आणि घरी दोन-चार गोष्टी नजर ठेवून बघ. चालताना एका बाजूचा हात हलायचा बंद झालाय का, पावलं बारीक आणि घासत पडतात का, वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात का. तसं असेल तर न्यूरोलॉजिस्टकडे, कारण पार्किन्सन्समध्ये चालण्याचं आपोआपपणच जातं आणि प्रत्येक पाऊल मुद्दाम टाकावं लागतं. विसरणं वाढलंय, रोजच्या हिशोबात गोंधळ होतोय, तर तेही तिथेच सांग. ह्या सगळ्याला आठवडा-दोन आठवडे चालतील. पण अचानक तोंड वाकडं होणं, बोबडं बोलणं, एका बाजूची ताकद जाणं, ह्याला मिनिटभरही थांबायचं नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत.

आता तुझ्याकडे येते, कारण तू मोठ्या शिताफीने स्वतःचं पडणं पत्राच्या शेवटी ढकललंस. "डोळे रस्त्यावरच होते" हे तुझं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. डोळे होते, लक्ष नव्हतं. अमेरिकेत वेस्टर्न वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत एक मजेशीर प्रयोग झाला होता, २०१० च्या सुमाराला छापून आला. कॅम्पसच्या चौकात एकचाकी सायकलवर एक विदूषक फिरवला, रंगीबेरंगी कपडे, लाल नाक, मोठाले बूट, आणि चौक ओलांडून आलेल्यांना विचारलं, विदूषक दिसला का. फोनवर बोलत आलेल्यांपैकी चौथा हिस्साच लोकांना दिसला होता. विदूषक गं! तुझी तर साधी लाल-पांढरी पट्टी होती. आणि सगळ्यात जास्त कुणाला दिसला माहितीये, दोघं-दोघं गप्पा मारत चालणाऱ्यांना, एकट्याने गुपचूप चालणाऱ्यांपेक्षाही जास्त. मला हे फार आवडतं. बरोबर चालणाऱ्याला तोच रस्ता दिसत असतो, गाडी आली की तो आपसूक गप्प बसतो किंवा तुझा हात ओढतो. तुझ्या ऑफिसच्या साहेबाला फोनवर चर दिसत नाही, तो महिन्याचं टार्गेटच सांगत राहतो. म्हणून इअरफोन लावले म्हणजे हात मोकळे, आपण सेफ, हा समज काढून टाक, हाताचा प्रश्न कधीच नव्हता.

टाइप करत चालणं तर त्याहून वाईट. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २६ तरुण, निरोगी लोकांना साडेआठ मीटर सरळ चालायला लावलं, मेसेज टाइप करताना त्यांचा वेग कमी झालाच, शिवाय सरळ रेषाही सुटली. होनोलुलू शहराने तर २०१७ मध्ये रस्ता ओलांडताना मोबाईलकडे बघितलं तर दंड असा कायदाच केला. आपल्याकडे तसा केला तर शालिमारला एका तासात नाशिकचं वर्षाचं बजेट निघेल, पण ते जाऊ दे.

मी काही साधू नाहीये हं. मागच्या श्रावणात मुलीशी फोनवर बोलत आमचा जिना उतरत होते, विषय तिच्या नवीन घराच्या हप्त्याचा, आणि शेवटची पायरी उरलीये हे पायाला कळलंच नाही. सपाट जमीन समजून पाय टाकला, कंबरेपासून मानेपर्यंत असा झटका बसला की चार दिवस मी माझ्याच पेशंट्सना सांगते ते शेकण्याचे प्रकार करत होते. त्या जिन्यावरून मी एकोणीस वर्षं उतरतेय.

तर आता रोजचं काय करायचं. देवळात जाताना प्रश्न विचारायचे नाहीत, विषय असेल तर देवळात टेकल्यावर काढायचा. जाताना त्यांना जप करू दे, चांगलाच आहे तो. आणि तरी काही बोलायचंच असेल आणि त्या थांबल्या, तर "चला ना आई, चालता चालता बोलू" असं अजिबात म्हणायचं नाही, दंडाला धरून ओढायचं तर नाहीच, त्यांचा हात तुझ्या हातात घेऊन आधी कडेला व्हायचं आणि मग ऐकायचं. गाडीच्या बाजूने तू. बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, नेत असशील तर पिशवी तू घे, कारण हातातलं ओझं, गर्दी, भाव करणं आणि घाटाच्या ओल्या पायऱ्या हे सगळं एकाच वेळी म्हणजे डोक्यातल्या साहेबाला चार फोन एकदम.

घरात जास्त लक्ष दे, बाहेर निदान आपण सावध असतो. फोन वाजला की त्या आतल्या खोलीतून धावत येतात का ते बघ. येतातच सगळ्या. फोनला एक लहान पिशवी शिवून गळ्यात अडकवून दे किंवा गाऊनला खिसा लाव, आणि नातेवाइकांना सांगून ठेव की आई दहा रिंग झाल्यावर उचलेल, नाही उचलला तर त्याच परत करतील. रात्री बाथरूमच्या वाटेवर एक छोटा दिवा चालू ठेव, अंधारात पायाला डोळ्यांची मदत मिळत नाही, आणि लघवीची घाई हीसुद्धा डोक्याला एक कामच असतं. वाळलेले कपडे गच्चीवरून आणताना छातीशी गठ्ठा धरून जिना उतरणं बंद, पाय दिसत नाही आणि कठडा धरायला हात नसतो, झोळी करून खांद्याला अडकवायची. सैल सपाता टाकून दे, टाचेला पट्टा असलेल्या आण.

आणि व्यायाम, कारण नुसतं जपून जपून माणूस अजून लुळं पडतं. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं की स्वयंपाकाच्या ओट्याला एक हात ठेवून सुरू करायचं, तू शेजारी उभी. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, दहा वेळा. ओट्याच्या कडेने टाचेला अंगठा लावून रेघेवर चालल्यासारखं चालणं. हे दोन आठवडे नुसतंच, गप्प राहून. ते सोपं वाटायला लागलं की मग त्यात डोकं घाल, जागेवर पावलं उचलता उचलता भाज्यांची नावं, मग "क" ने सुरू होणारी गावं, मग वार उलटे म्हणणं, शनिवार-शुक्रवार-गुरुवार. अडखळल्या तर पाय आधी, उत्तर मागाहून, हे त्यांना आधीच सांगून ठेव. असा सराव केल्याने दोन कामं एकत्र झेपायला मदत होते. आपल्या बायकांना हे काही नवीन नाही खरं तर, मंगळागौरीचे खेळ म्हणजे दुसरं काय आहे, गाणं लक्षात ठेवायचं, टाळी जुळवायची, पाऊल चुकवायचं नाही आणि समोरचीला धडकायचं नाही, सगळं एकाच वेळी आणि तेही रात्री जागून. सासूबाईंना विचार, त्यांना तुझ्यापेक्षा जास्त येत असतील. फुगडी मात्र नको, ७४ व्या वर्षी गरगर फिरवू नकोस त्यांना.

तुझ्यासाठी व्यायाम नाहीये, एकच नियम आहे, कॉल आला की थांब. दुकानाच्या पायरीला, झाडाखाली, कुठेही, कडेला उभी राहून बोल आणि मग चाल. सिंहस्थाच्या कामांमुळे आधीच जागोजागी खणून ठेवलंय, अजून बरेच दिवस हे असंच चालणार. रस्त्यावर रोज दहा मिनिटं जास्त जातील हे खरंय. साहेबाला सांग, रस्त्यात आहे, पाच मिनिटांत करते.

सासूबाईंच्या टोमण्यावर काय बोलू विचारलंस ना. "बरोबर आहे आई" असं म्हण आणि डॉक्टरांची अपॉइंटमेंट घे, दोन्ही एकाच दिवशी.

आणि तुझ्या घोट्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. तीन आठवडे झाले, अजून संध्याकाळी सूज येत असेल किंवा त्या एका पायावर दहा सेकंद उभं राहता येत नसेल, तर ऑर्थोपेडिककडे जा, एक्स-रे काढला नसेल तर काढायचा का ते तेच बघून सांगतील, आणि तोवर उंच टाचेचे बूट घालत असशील तर ते कपाटात ठेव.